जिन्यात थांबणारी पावलं

संस्थेत आमचं काम बघणाऱ्या मेघाताई म्हणाल्या, आपल्या दिवाळी अंकात तुम्हीही काहीतरी लिहा. मी मान हलवली. त्यांना वाटलं मी हो म्हणाले. मला खरं तर नाही म्हणायचं होतं. माझी शाळा चौथीपर्यंत झालेली, आणि चार माणसांसमोर मला धड बोलताही येत नाही. पण घरी आल्यावर वाटलं, कोणाला दाखवायचंच नसेल तर लिहायला काय हरकत आहे? म्हणून बसले आहे. अंकात द्यायला हवं असं काही नाही.

आधी काम काय आहे ते सांगते, कारण विचारणाऱ्याला ते पटकन कळत नाही. नाशकात अशी पुष्कळ घरं आहेत जिथे आजारी माणसाला सांभाळणारं माणूस शाळेत जाणारं मूल असतं. आई अंथरुणावर, नाहीतर आजीला दिसत नाही, नाहीतर भाऊ जन्मापासून उठू शकत नाही. बाकीची मोठी माणसं कामाला गेलेली असतात किंवा नसतातच. मुलाला कोणी सांगत नाही की आजपासून हे तुझं काम. ते त्याच्याकडे येतं आणि त्याच्याकडेच राहतं. संस्थेच्या आम्ही काही बाया शनिवारी दुपारी अशा घरी जातो, मुलाच्या जागी बसतो आणि मूल संध्याकाळपर्यंत बाहेर जातं. खेळायला जावं, मैत्रिणीकडे जावं, नुसतं झोपावं. आम्ही विचारत नाही. परत आल्यावर त्याचं घर त्याला जसंच्या तसं परत मिळावं, एवढंच आमचं काम.

मी त्याआधी पुष्कळ वर्षं ब्युरोतर्फे पेशंट सांभाळायला जायचे. तिथे घरातली मोठी माणसं काम सांगायची. इथे काम सांगणारं माणूस आठवी-नववीतलं असतं आणि ते फार कडक असतं. आम्हाला शिकवलेली पहिली गोष्ट हीच, की स्वतःचं शहाणपण घेऊन जायचं नाही. मूल जसं करतं तसंच करायचं. ते का तसं करतं हे विचारत बसायचं नाही, आधी करायचं.

याची एक गंमत सांगते. द्वारका चौकाच्या मागच्या बाजूला एक आजोबा होते, एसटीत कंडक्टर होते पूर्वी. आता त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. त्यांचा नातू सातवीतला. पहिल्या दिवशी त्याने मला स्टीलचं भांडं आणि चमचा दिला आणि म्हणाला, "मावशी, ताट वाढलं की याच्यावर दोनदा वाजवा. दोनदा वाजल्याशिवाय ते सुरूच करत नाहीत." मला वाटलं पोरगं माझी फिरकी घेतंय. भांडं बाजूला ठेवलं आणि आजोबांना गोड बोलून घास भरवायला लागले. आजोबांनी तोंड घट्ट मिटलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी फुकट प्रवास करते आहे. शेवटी वाजवलं. आजोबा जेवायला लागले. एकदाच वाजवलं की गाडी थांबते, हे मला नंतर कळलं, कारण चुकून चमचा एकदा लागला आणि त्यांचा घास हातातच राहिला.

अशा गोष्टी सांगितल्या की बाया हसतात आणि म्हणतात, बरं आहे तुमचं काम. मीही हसते. मला या कामाची पहिल्या दिवसापासून भीती वाटते, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

परक्या घराचं दार वाजवायची भीती वाटते. पण ती माझ्या स्वभावाची आहे, तिचं काही नाही. आजारी माणसाला काही होईल याचीही भीती वाटते, पण तीही या कामात सगळ्यांनाच असते. माझी भीती निराळी आहे. मूल बाहेर असताना काही झालं, तर ते मूल मनाशी पक्कं धरतं की मी गेले म्हणून हे झालं. मग ते पुन्हा उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. त्याला कोणी अडवत नाही. ते स्वतःच स्वतःला अडवतं.

हे मला कोणी शिकवलेलं नाही. आमचं गाव नांदगावकडचं. मी चौथीत असताना आई धाकट्याच्या बाळंतपणानंतर अंथरुणाला खिळली होती आणि मी तिचं बघायचे. एक दिवस मी शाळेत असताना ती पाण्यासाठी उठली आणि चुलीपाशी पडली. हात भाजला. बरी झाली नंतर. मला एका शब्दाने कोणी बोललं नाही. मी आपणहून शाळेत जायचं बंद केलं. गुरुजी दोनदा घरी आले, तर मी मागच्या दाराने गोठ्यात जाऊन बसले.

म्हणून मी दार लागल्यावर कान देऊन बसते. मूल घराबाहेर पडलं म्हणजे सुटलं, असं नसतं. पावलं जिन्यात थांबतात. ते बाहेर उभं राहून आतलं ऐकत असतं आणि मी आत उभी राहून त्याला ऐकत असते. भांडं पडलं, खोकला आला, माझा आवाज जरा चढला, की मूल परत आत. चप्पल विसरली म्हणतं, पाणी प्यायचंय म्हणतं. पावलं खाली गेली आणि ऐकू येईनाशी झाली की मग खरी सुट्टी सुरू होते. काही मुलांना त्याला महिने लागतात.

वैष्णवीला पावसाळा, दिवाळी सगळं लागलं.

वैष्णवी तेव्हा आठवीत होती. पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. वडील ट्रकवर ड्रायव्हर, माल घेऊन गेले की चार-चार दिवस येत नसत. आईच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता, तेव्हा वैष्णवी पाचवीत होती. आईची उजवी बाजू गेली. बोलणं गेलं, म्हणजे एखादा शब्द यायचा, तोही रोज नाही. आणि गिळणं कमी झालं. हे शेवटचं लोकांना समजत नाही. हात-पाय गेलेले दिसतात, गळा गेलेला दिसत नाही. बाई गोरी, हसऱ्या चेहऱ्याची, केस नीट विंचरलेले, उशांना टेकून बसलेली. बघणाऱ्याला वाटावं, आत्ता म्हणेल, या, चहा टाकते.

पहिल्या दिवशी वैष्णवीने मला भरवायला शिकवलं. मी तोवर किती पेशंटना भरवलं असेल, पण गप्प बसून शिकले. आईला सरळ बसवायचं. हनुवटी छातीकडे झुकवायची, वर नाही. चमचा डाव्या बाजूने. घास मऊ वाटलेला, एकसारखा. पाणीसुद्धा डॉक्टरांनी दिलेली पावडर घालून घट्ट केलेलं, कारण पातळ पाणी फसवतं, भलत्या नळीत जातं. घास दिला की गळ्याकडे बघायचं. गळा वर जाऊन खाली आला की मग दुसरा चमचा. आणि शेवटी तोंड उघडून उजव्या गालाच्या आत बोट फिरवायचं, कारण त्या बाजूला काही राहिलं तर आईला कळत नाही.

मग ती म्हणाली, "मावशी, ठसका लागला तर घाबरायचं नाही. आवाज येतोय तोवर हवा जातेय."

"आणि आवाज नाही आला तर?"

"तर घाबरायचं," ती म्हणाली, आणि पाठीवर कुठे आणि कसं मारायचं ते तिने माझ्याच पाठीवर करून दाखवलं. तेरा-चौदा वर्षांची पोर, तळहात माझ्या खांद्याच्या पात्यांमध्ये. संस्थेत नर्सबाईंनीही हेच दाखवलं होतं, पण ते मी परीक्षेसारखं शिकले होते.

तिचा आणखी एक नियम होता. आतून कडी. कोणीही आलं तरी दार उघडायचं नाही. आजारपणाच्या पहिल्याच वर्षी एक नातेवाईक बाई आल्या होत्या, त्यांनी वैष्णवीला दुकानात पाठवलं आणि तिच्या आईला चमचाभर तीर्थ पाजलं. तीर्थाने काय होणार? आई न्यूमोनियाने पंधरवडाभर दवाखान्यात होती. तेव्हापासून कडी. खालच्या मजल्यावरच्या आहेरकाकू मला जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "पोरगी लय शिष्ट हाये. आईला कोंडून ठेवलीये. आमच्याकडं बघून हसायची ती बाई, आता तोंड दिसत नाय तिचं." मी मान खाली घालून वर जायचे. आणि काकू काही खोटं बोलत नव्हत्या. वैष्णवीची आई पूर्वी ब्लाउज शिवायची, जिन्यात बायकांची ये-जा असायची. मशीन अजून खिडकीखाली होतं, वर चादर घातलेली.

संक्रांतीच्या आधी वैष्णवीने मला पहिल्यांदा काही मागितलं. तोवर शनिवारी ती समोरच्या इमारतीत मैत्रिणीकडे जायची आणि तिच्या पलंगावर झोपायची, बाकी काही नाही. त्या दिवशी ती आईचे केस विंचरता विंचरता म्हणाली, "मावशी, तुम्ही संक्रांतीला याल का? सण आहे, तुम्हाला घरी असेल काही." मी विचारलं, कुठे जायचंय? तिने कपाटावर बघितलं. वर धूळ खात आसारी होती, मांजा गुंडाळायची. तिच्या वडिलांनी तिला पतंग उडवायला शिकवलं होतं. आईच्या आजारपणानंतर ती एकदाही गच्चीवर गेली नव्हती.

मी मेघाताईंना विचारलं आणि हो म्हणून कळवलं.

संक्रांतीला दुपारी मी गेले तेव्हा गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक गच्चीवर पोरं, मोठमोठ्याने गाणी, काटली रे काटली म्हणून ओरडा. वैष्णवीने आसारीवरची धूळ पुसून ठेवली होती. जायच्या आधी तिने मला सगळं पुन्हा सांगितलं, जणू मी पहिल्यांदाच येत होते. पावडर कुठे, रुमाल कुठे, कडी. आईच्या गालाला गाल लावून म्हणाली, "वरच आहे गं. एक हाक मारली की येते." मग मला, "मावशी, हाक मारा हां. वरच आहे."

मी कडी लावली. पावलं जिन्यात थांबली. मी कढई घासायला घेतली नाही, पंखासुद्धा लावला नाही. तिला ऐकू जावं म्हणून आईशी काहीतरी गप्पा मारल्यासारखं करत राहिले. मग पावलं वर चढली. आधी सावकाश आणि शेवटच्या पायऱ्या धावत.

नंतर तिचा आवाज मला ओळखता यायला लागला. ढील दे, ढील दे, असं ती कोणावर तरी ओरडत होती. इतक्या महिन्यांत मी तिचा तसा आवाज ऐकला नव्हता. तिची आईही ऐकत होती. छताकडे बघत होती आणि तिच्या तोंडाची चांगली बाजू हसत होती.

तेवढ्यात दार वाजलं.

आहेरकाकू होत्या. मी उठले नाही. त्यांनी पुन्हा वाजवलं. "अहो बाई, तुम्ही आत हायेत, ठाऊक हाये मला. हळदीकुंकू लावते अन् जाते." मी दाराजवळ जाऊन हळूच म्हणाले की वैष्णवी घरी नाही, नंतर या. काकू म्हणाल्या, पोरगी घरी असली की दार उघडत नाय, नसली की तुम्ही उघडत नाय, मग बाईने करायचं काय? "सवाष्ण बाई हाये ती. तीन संक्रांती गेल्या, तिच्या कपाळाला शेजारणीचं बोट लागलं नाय."

मी कडीवर हात ठेवून उभी होते, उघडायला नाही, कडी नीट लागली आहे ना बघायला. आणि मागून आवाज आला.

"उघड."

मी वळले. वैष्णवीची आई माझ्याकडे बघत होती. तो शब्द काढायला तिला किती कष्ट पडले ते तिच्या मानेवर दिसत होतं. मी म्हणाले, वैष्णवीने नको म्हणून सांगितलंय. तिने पुन्हा म्हटलं, आणि या वेळी तिची चांगली मूठ गादीवर आपटली. घर तिचं होतं. हे मी इतक्या महिन्यांत विसरले होते. मला काम सांगायची ती मुलगी, पण घर या बाईचं होतं, आणि सण तिच्या दाराशी येऊन उभा होता.

मी दार उघडलं.

काकूंनी नवी साडी नेसली होती, हातात ताट. त्या आत आल्या आणि पलंगाजवळ थबकल्या. बोलायचं म्हणून जे ठरवून आल्या होत्या ते सगळं विसरल्या. वाकून हळद लावली, कुंकू लावलं, तिच्या ओटीत वाण ठेवलं. चहाची गाळणी होती. वैष्णवीच्या आईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि काकूंच्याही. मग तिने डाव्या हाताने देवाच्या कोनाड्याकडे खूण केली. घरी आलेल्या सवाष्णीला उलट कुंकू लावल्याशिवाय पाठवत नाहीत. तिला ते स्वतःच्या हाताने लावायचं होतं. मी करंडा आणायला वळले. कोनाडा चार पावलांवर.

मागून काकूंचं ऐकू आलं, "तिळगूळ घे, गोड बोल."

मी करंडा हातात घेऊन फिरले तेव्हा काकूंची बोटं तिच्या ओठांपासून मागे येत होती. तिने तोंड आपणहून उघडलं होतं. संक्रांतीला कोणी तिळगूळ पुढे केला तर कोण तोंड मिटतं?

मी ठसका यायची वाट बघितली. ठसका आला नाही. काहीच आवाज आला नाही. तिचे डोळे मोठे झाले आणि डावा हात गळ्याकडे गेला. वर गच्चीवर कोणाचा तरी पतंग कापला गेला आणि मोठा ओरडा उठला. त्या ओरड्यात खाली ही खोली अशी शांत होती की मला माझ्या बांगड्या ऐकू येत होत्या.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही, तुकडे आठवतात. मी तिला पलंगाच्या कडेला ओढली, माझ्या डाव्या हातावर पुढे वाकवली आणि तळहाताने पाठीवर मारलं. खांद्याच्या पात्यांमध्ये, जिथे वैष्णवीने माझ्या पाठीवर दाखवलं होतं तिथे. काही नाही. पुन्हा. तिचा चेहरा माझ्या दंडाखाली होता, मला दिसत नव्हता, पण ओठांचा रंग बदलत असणार हे मला माहीत होतं. काकू दाराकडे पळाल्या, "पोरीला हाक मारते, पोरीला बोलावते," म्हणत.

"हाक मारू नका."

हे मी बोलले. माझा आवाज एवढा मोठा निघतो हे मला माहीत नव्हतं. काकू दारात थिजल्या. आजही मी विचार करते, बाई मेली असती तर? मुलगी एक जिना वर होती आणि मी तिला आईजवळ येऊ दिलं नसतं. पण त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं, की ती आसारी टाकून धावत खाली येईल, हे बघेल, आणि पुढे आयुष्यभर गच्चीवर जाणार नाही. आणि ती येऊन जे करणार होती तेच मी करत होते. पुन्हा मारलं. आणखी जोरात. तिळगुळाचा तुकडा फरशीवर पडला, लाळेने चकाकणारा, बोराएवढा. मग ती खोकली. एवढा सुंदर घाणेरडा आवाज मी कधी ऐकला नाही.

मी तिला टेकवून बसवलं, बोट फिरवून तोंड साफ केलं, श्वास बघत राहिले. काकू जमिनीवर बसल्या होत्या, ताट मांडीवर. त्या एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मी तिला गोड बोल म्हणाले. तिला बोलताच येत नाय आणि मी गोड बोल म्हणाले."

मी मेघाताईंना फोन लावला. त्यांनी नर्सबाईंशी बोलून सांगितलं, आजच डॉक्टरांना दाखवा, दोन दिवस ताप आणि श्वासावर लक्ष ठेवा. मग त्यांनी विचारलं, "वैष्णवी कुठे आहे?" मी म्हणाले, वर, पतंग उडवतेय. त्या म्हणाल्या, "उतरली की तिला सगळं सांगा. काही लपवायचं नाही." हा आमचा नियमच आहे. मुलाला एकदा खोटं सांगितलं की ते पुढच्या वेळी जिन्यातून हलत नाही. पण खरं सांगितलं तरी ते हलणार नव्हतं, मग नियमाचा काय उपयोग, असं मला वाटत होतं.

डॉक्टर गल्लीच्या तोंडाशीच होते. काकूंच्या मुलाने त्यांना बोलावून आणलं. त्यांनी छाती तपासली, आत्ता ठीक आहे म्हणाले. ते गेल्यावर मी खोली आवरली. कुंकू पुसावं असं माझ्या मनात आलं. वैष्णवीच्या आईने माझा हात धरला. मी नाही पुसलं.

ऊन उतरल्यावर पावलं आली. धावत, दोन-दोन पायऱ्या. वैष्णवी दारात उभी राहिली, गाल उन्हाने लाल, बोटं मांज्याने कापलेली. ती काहीतरी सांगणार होती. तिने आईच्या कपाळाकडे बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावरून ते सगळं उतरलं.

"दार उघडलं तुम्ही," ती म्हणाली.

मी सांगितलं. काही लपवलं नाही. काकू आल्या ते, आई उघड म्हणाली ते, तिळगूळ, पाठीवर मारलं ते, हाक मारू दिली नाही ते, डॉक्टर. ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं. तिने मोरीत जाऊन साबणाने हात धुतले. कापलेल्या बोटांना साबण लागला असणार, पण ती चोळत राहिली. मग आईजवळ बसली, तिचं तोंड उघडलं आणि उजव्या गालाच्या आत, अगदी मागे, हिरडीपाशी बोट फिरवलं.

बोट बाहेर काढलं तेव्हा त्याच्यावर एक तीळ होता.

"हा राहिला होता," ती म्हणाली. मला दाखवला आणि रुमालाला पुसला.

तिच्या आईला ताप आला नाही. पण मला जे भय होतं ते झालंच. पुढच्या शनिवारी मी गेले, तर वैष्णवीने दार उघडलं, मला पाणी दिलं आणि आईच्या पायाशी जाऊन बसली. मी म्हणाले, जा. ती म्हणाली, आज नको. आसारी पुन्हा कपाटावर होती. त्यानंतरच्या शनिवारीही तेच. मी मेघाताईंना म्हणाले, मला दुसरीकडे पाठवा, तिचा माझ्यावर विश्वास राहिलेला नाही. मेघाताई म्हणाल्या, ती तुम्हाला दार उघडते ना? मग जाऊन बसा. ती जाऊ दे नाहीतर राहू दे, तुम्ही जा. म्हणून मी जात राहिले. आम्ही तिघी त्या खोलीत बसायचो. मी लसूण सोलायचे, ती अभ्यास करायची. तिची आई एकदा तिच्याकडे बघायची, एकदा माझ्याकडे. एका मुलीच्या सुट्टीसाठी मी येत होते आणि ती मुलगी सुट्टीत माझ्यावर पहारा करत होती.

रथसप्तमी आली. हळदीकुंकवाचा तो शेवटचा दिवस. मी त्या दिवशीही गेले होते. दुपारी दार वाजलं. वैष्णवी ताठ बसली. बाहेरून काकूंचा आवाज आला, पण हळू, मला ओळखूच आला नाही. "वैष्णवी, मी हाये बाळा. आत येत नाय. तू फक्त बघ."

वैष्णवीने कडी न काढता दाराच्या फटीतून बघितलं. मग कडी काढली. काकू उंबऱ्याच्या पलीकडे उभ्या होत्या. ताट नाही, वाण नाही, पिशवी नाही. दोन्ही तळहात पुढे करून धरलेले, लहान मुलं हात धुतल्यावर आईला दाखवतात तसे.

"रिकामे हायेत," त्या म्हणाल्या. "कुंकू तुमच्याच घरचं लावते. तू म्हणशील तर लावते, नायतर जाते."

वैष्णवीने मागे वळून आईकडे बघितलं. तिची आई काकूंच्या हातांकडे बघत होती. वैष्णवी कोनाड्यातून करंडा घेऊन आली, काकूंना आत घेतलं आणि आईच्या उशाशी स्वतः उभी राहिली. "कपाळालाच लावायचं," ती म्हणाली. "हात खाली आणायचा नाही." काकूंचे डोळे वैष्णवीकडेच होते, कुंकू भुवईवर लागलं. वैष्णवीच्या आईने डाव्या हाताने काकूंना लावलं, तेही वाकडंच. काकू निघायला लागल्या, तर वैष्णवी म्हणाली, "बसा. घास कसा द्यायचा ते बघून घ्या. देऊ नका, फक्त बघा." आणि मला म्हणाली, "मावशी, तुम्ही भरवा."

मी पेज वाटून आणली. तेव्हा तिच्या आईने वैष्णवीचा फ्रॉक मुठीत धरला आणि ओढला. मानेच्या शिरा ताणल्या. काहीतरी येत होतं. आम्ही तिघी थांबलो.

"जा," ती म्हणाली.

वैष्णवी म्हणाली, नंतर जाईन. आईने तिला मुठीने ढकललं. जोर काय असणार त्या हातात, पण वैष्णवी एक पाऊल मागे गेली. तिने माझ्याकडे बघितलं. काळजी करू नकोस, असं मी कोणत्याच मुलाला सांगत नाही, कारण ते खरं नसतं. तिने चप्पल घातली आणि दार ओढून घेतलं.

पावलं जिन्यात थांबली.

काकू काहीतरी बोलणार होत्या, मी बोट ओठांवर ठेवलं. पेजेची वाटी माझ्या हातात होती. खाली भाजीबाजारात कोणीतरी मेथीचा भाव ओरडत होतं. पावलं हलत नव्हती. मला माहीत होतं ती कशी उभी असेल, एक हात कठड्यावर, तोंड दाराकडे. मीही तशीच गोठ्यात बसले होते, घराकडे कान लावून. वैष्णवीच्या आईने डोळे मिटले होते आणि तीही ऐकत होती.

मग एक पायरी. थांबली. मग दुसरी. मग पावलं खाली गेली आणि गल्लीच्या आवाजात मिसळून गेली.

वैष्णवी भीती बरोबर घेऊन गेली नाही, निदान सगळी नाही. बरीचशी माझ्याकडे ठेवून गेली, आणि ती घ्यायलाच मी तिथे जाते. मी पलंगाजवळ बसले. वैष्णवीच्या आईची हनुवटी छातीकडे झुकवली. चमचा डाव्या बाजूने नेला. काकू वाकून बघत होत्या, आणि मी तिच्या गळ्याकडे डोळे लावून बसले.

गळा वर गेला. खाली आला.

मी दुसरा चमचा भरला.